उमलती पिढी : ओठांवर येणारे शब्द

पुण्यात माध्यमशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी मुलगी शनिवारी रात्री गावी आली, ती एक बातमी घेऊनच. पाच विद्यार्थ्यांच्या गटाने एका परभाषी गाण्यावर चित्रफीत तयार करायची, असा त्या सत्राचा प्रकल्प होता. गाणे निवडायचे, कल्पना रचायची, चित्रीकरण आणि संकलन करायचे आणि सत्राच्या अखेरीस ती चित्रफीत शिक्षक व पालकांसमोर दाखवायची. गटाने एकमताने तिचीच मुख्य गायिकेच्या भूमिकेसाठी निवड केली होती.

भुसार मालाचे घाऊक दुकान असलेल्या त्या घरात ही बातमी सर्वांना सारखीच रुचली, असे म्हणता येणार नाही. "नाचगाण्याची चित्रफीत उद्या साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरेल," एवढे बोलून वडील गप्प झाले. त्या गप्प बसण्यात नकार होता आणि तो मुलीला कळला. आजोबांनी मात्र चष्मा पुसत विचारले, "गाणे कोणते?"

"स्पॅनिश आहे, आजोबा. 'देस्पासितो'. साऱ्या जगाने ऐकले आहे ते."

"छान. म्हणते काय ते गाणे?"

मुलगी थबकली. "चाल फार गोड आहे."

"चाल तू आल्यापासून गुणगुणते आहेस, ती ऐकली. मी शब्द विचारतो आहे. ओठ तुझे हलणार ना त्यात?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. पाचही जणांनी ते गाणे शेकडो वेळा ऐकले होते. शब्दांचा अर्थ मात्र कोणीही पाहिला नव्हता.

त्या रात्री तिने एका कागदाच्या डाव्या बाजूला गाण्याची एकेक ओळ आणि उजव्या बाजूला तिचा मराठी अर्थ लिहून काढला. लुईस फोन्सी आणि डॅडी यँकी या प्वेर्तो रिकोच्या गायकांचे हे गीत जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या मुख्य यादीत ते १६ आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याची चित्रफीत सान हुआन शहरातील 'ला पेर्ला' या समुद्रकाठच्या जुन्या वस्तीत चित्रित झाली. 'देस्पासितो' म्हणजे 'हळूहळू'. शब्द सौम्य आहे; परंतु गीताचा मोठा भाग शारीरिक जवळिकीचे उघड वर्णन करतो. याच कारणास्तव जुलै २०१७ मध्ये मलेशियाच्या सरकारी नभोवाणी व दूरचित्रवाणीने ते वाजवणे थांबवले होते. प्रौढ कलावंतांनी प्रौढ श्रोत्यांसाठी रचलेले ते प्रेमगीत आहे. त्यांच्या कलेला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा होता. उजव्या बाजूचे मराठी शब्द आजोबांसमोर मोठ्याने वाचण्याची आपली तयारी आहे का? नसेल, तर तेच शब्द केवळ परक्या भाषेत आहेत म्हणून ओठांवर घ्यावेत का?

अर्थ न कळता नाचण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. १९९६ मध्ये 'माकारेना' हे गाणे त्याच 'बिलबोर्ड' यादीत १४ आठवडे अग्रस्थानी होते. लग्नसमारंभांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत आबालवृद्ध त्यावर हात फिरवून नाचले. मित्र सैन्यात भरती होत असताना त्याच्याशी प्रतारणा करणाऱ्या तरुणीची ती कथा आहे, हे नाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

सोमवारी मुलीने तो कागद गटापुढे ठेवला. प्रथम हसणे झाले, मग वाद झाला. एका मुलाने नृत्याची आखणी करण्यात दोन आठवडे घालवले होते; त्याचा चेहरा उतरला. "स्पॅनिश आहे ते. इथे कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला. बाकीच्यांनीही मान डोलावली. प्रकल्प सादर करण्यास सात आठवडे उरले होते. गट सोडला तर गुण जातील आणि मैत्रीही जाईल. न सोडला तर त्या ओळी गाव्या लागतील.

दुपारी तिने घरी दूरध्वनी केला. आजोबा विश्रांती घेत होते. फोन वडिलांनी उचलला. दुकानात गिऱ्हाईक उभे होते, तरी त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"कोणाला कळणार आहे, असे म्हणतो का तो?" वडील म्हणाले. "गिऱ्हाईकाला काटा वाचता येत नाही, म्हणून आपण काटा मारतो का? हेच सांग त्यांना. आणि नुसते नको म्हणू नकोस. दुसरे गाणे घेऊन जा. माल परत करायचा तर बदली माल दाखवावा लागतो."

शनिवारी ज्यांनी मनोमन नकार दिला होता, तेच वडील आता दुसरे गाणे शोधायला सांगत होते. मुलीच्या दृष्टीने परवानगी त्या क्षणी मिळाली.

गटात दोन दिवस अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी एक नियम ठरला : प्रत्येकाने एक गाणे सुचवावे, सोबत अर्थाचा कागद जोडावा आणि पाचही कागद वाचल्यावरच मत द्यावे. ज्याची दोन आठवड्यांची मेहनत वाया गेली होती, त्यानेच सुचवलेले गाणे अखेर निवडले गेले. ते होते कार्लोस विवेस आणि शकीरा यांचे २०१६ सालचे 'ला बिसिक्लेता', म्हणजे 'सायकल'.

तेही प्रेमगीतच आहे. पण त्यातील प्रेम माणसाइतकेच मातीवरचे आहे. विवेस हे कोलंबियाच्या किनाऱ्यावरील सांता मार्ताचे, तर शकीरा तेथून सुमारे १०० किलोमीटरवरच्या बार्रांकियाच्या. या दोन गावांमधला मुलूख सायकलवरून एकत्र पाहू या, असा गाण्याचा आशय आहे. 'वायेनातो' हे त्या प्रदेशाचे लोकसंगीत त्यात आधुनिक ठेक्यात मिसळले आहे. तातडीने जपायला हव्यात अशा परंपरांच्या यादीत युनेस्कोने २०१५ मध्ये त्याचा समावेश केला. वायेनातोचे मुख्य वाद्य अकॉर्डियन आणि आपल्या भजनातील पेटी ही एकाच कुळातली; दोन्हींत हवेच्या झोताने धातूच्या पट्ट्या कंप पावतात. एकेकाळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात हे गाणे चित्रित करायचे, ही कल्पना अर्थाच्या कागदातूनच सुचली. नुसती चाल ऐकून ती सुचली नसती.

त्यानंतर खरी आखणी सुरू झाली. चार मिनिटांचे गाणे म्हणजे २४० सेकंद. एक दृश्य सरासरी तीन सेकंद टिकते असे धरले, तरी ८० दृश्ये लागतात. ती आयत्या वेळी रस्त्यात उभे राहून सुचत नाहीत. म्हणून गाण्याचे प्रथम तुकडे पाडले : आरंभीचे वाद्यसंगीत, कडवे, ध्रुवपद, पुन्हा कडवे. प्रत्येक तुकडा कोणत्या सेकंदाला सुरू होतो ते लिहिले. मग प्रत्येक दृश्याचे लहानसे रेखाचित्र काढले आणि त्याखाली जागा, माणसे, कपडे व कॅमेऱ्याचे अंतर नोंदवले. अशा संगीतात आठ मात्रांची विभागणी अनेकदा तीन, तीन आणि दोन अशी पडते. केरव्याच्या चार-चार मात्रांना सरावलेल्या कानाला ती आधी अडखळल्यासारखी वाटते. टाळी देऊन ती अंगात मुरवावी लागली. कारण एक दृश्य कापून दुसरे जोडायचे ते याच आघातांवर.

उच्चारांच्या बाबतीत देवनागरी मदतीला आली. स्पॅनिशमधील 'त' आणि 'द' हे आपल्या 'त' आणि 'द' यांच्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या वाटेने गेलेला 'बायसिक्लेटा' म्हणतो. मराठी मुलाला 'बिसिक्लेता' सहज जमते. स्पेनच्या बऱ्याच भागात यातील 'सि' जिभेचे टोक दातांत धरून उच्चारला जातो. कोलंबियात तो साधा 'सि' असतो. गाणे कोलंबियाचे, म्हणून उच्चारही तेथील घ्यायचा ठरला. संपूर्ण गीत देवनागरीत लिहून ते तोंडपाठ होईपर्यंत कॅमेरा उघडायचा नाही, अशी शिस्त गटाने स्वतःला लावून घेतली. चित्रीकरणाच्या वेळी मुळातले गाणे ध्वनिक्षेपकावर वाजते. पण गायिकेने केवळ ओठ हलवून भागत नाही. ती खरोखर गात नसेल तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि लबाडी पडद्यावर दिसते.

उतारावरून सायकल संथ गतीने येते, असे एक दृश्य त्यांना हवे होते. त्यातही ओठ शब्दांशी जुळायला हवे होते. उपाय गणिताचा होता. गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, तिने दुप्पट वेगाने गायचे आणि कॅमेऱ्याने सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रे टिपायची. पुढे ते २५ च्या गतीने दाखवले की हालचाल निम्म्या वेगाने होते आणि शब्द मूळ गाण्याशी जुळतात.

जागांची आगाऊ पाहणी किती मोलाची, हे कसबा पेठेतील तांबट आळीने शिकवले. सकाळी अकरा वाजता गट तेथे पोहोचला, तेव्हा तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांत ध्वनिक्षेपक ऐकूच येईना. चित्रीकरणाच्याच दिवशी हे कळले असते, तर तो दिवस फुकट गेला असता. मुलांनी कारागिरांशी बोलून त्यांची संमती घेतली. गाण्याचे दृश्य सकाळी सातला, काम सुरू होण्यापूर्वी घ्यायचे ठरले आणि हातोड्यांचे दृश्य नंतर स्वतंत्रपणे, त्या तीन-तीन-दोनच्या ठेक्यावर बसवण्यासाठी. दुसऱ्याच्या आळीत आपण पाहुणे असतो; आधी विचारले तर दार उघडते, हा अनुभव मुलांच्या गाठी बांधला गेला.

वेळापत्रकात आणखी एक नोंद मुलीने स्वतः केली. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्याआधीचा तास चित्रीकरणाला सर्वांत सुंदर उजेड देतो. तिच्या घरच्या रीतीप्रमाणे संध्याकाळच्या जेवणाची वेळही तीच. "पाच वाजण्यापूर्वी जेवण" ही ओळ सर्वांच्या तक्त्यात छापली गेली. कोणी कुरकुर केली नाही, कारण ते आधी ठरलेले होते. अडचण आयत्या वेळी सांगितली की तिचा अडथळा होतो. आधी लिहिली की ती व्यवस्थेचा भाग बनते.

खर्चाची वही वडिलांनी आखून दिली. सायकलींचे भाडे, ध्वनिक्षेपक, प्रवास, जेवण अशी खाती पडली. सर्वांत खाली 'अडीअडचण' हे खाते त्यांनी आग्रहाने लिहवले. आधी लिहावे आणि मग खर्चावे, हा दुकानाचा नियम. चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी एका सायकलीचे चाक वाकले, तेव्हा त्याच खात्याने गटाची अब्रू राखली.

शेवटचा प्रश्न मालकीचा होता. ध्वनिमुद्रित गाण्यात दोन हक्क असतात. शब्द व चाल यांचा एक आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. चित्राला ते जोडून जाहीरपणे प्रसिद्ध करायचे, तर दोन्ही हक्कधारकांची परवानगी लागते. याच गाण्याच्या मूळ कर्त्यांवर चोरीचा आरोप होऊन माद्रिदच्या न्यायालयात खटला चालला आणि २०१९ मध्ये तो आरोप फेटाळला गेला. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ शैक्षणिक उपक्रमांना काही सवलती देते. मात्र त्या शिक्षक, विद्यार्थी व पालक अशा मर्यादित वर्तुळापुरत्या आहेत. महाविद्यालयाच्या सभागृहात पालकांना चित्रफीत दाखवणे वेगळे आणि ती जगासाठी यूट्यूबवर टाकणे वेगळे. तेथे अशी गाणी संगणक आपोआप ओळखतो आणि हक्कधारक चित्रफीत बंद करू शकतो किंवा तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. गटाने ती सभागृहापुरतीच ठेवण्याचे ठरवले. नातेवाइकांच्या मोबाइलविषयी वडिलांना वाटलेली चिंताही त्यातून आपोआप मिटली.

सादरीकरणाच्या दिवशी घरची मंडळी तिसऱ्या रांगेत बसली होती. प्रवेशद्वाराशी मुलांनी प्रत्येक पालकाच्या हातात एक कागद दिला : डाव्या बाजूला देवनागरीत स्पॅनिश ओळी, उजव्या बाजूला मराठी अर्थ. दिवे मालवण्यापूर्वी आजोबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मग निश्चिंतपणे पडद्याकडे पाहिले.

घरोघरी मुले आज नवी माध्यमे शिकत आहेत आणि आपल्याला अपरिचित गाणी घरी आणत आहेत. अशा वेळी 'नको' म्हणणे सोपे असते. 'कर काय ते' म्हणणे त्याहून सोपे. या दोहोंपेक्षा "ते म्हणते काय?" हा एक प्रश्न अधिक उपयोगी पडतो. न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हे व्यापारी घरातील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. परक्या भाषेतील गीत ओठांवर घेणे हीसुद्धा एक सहीच आहे, एवढेच त्यांना दाखवून द्यावे लागते.