डेटाबेसच्या रांगेत आपला ‘ळ’ कुठे?

स्मिथ, अ‍ॅलन, वॉर्ड, जोन्स ही नावं ओळखीची वाटतात का? वाटणारच! डीबीएमएसच्या लॅबमध्ये ‘स्कॉट’ हे युजरनेम आणि ‘टायगर’ हा पासवर्ड टाकून जो जो आत गेला, त्याने ही मंडळी पाहिलेली आहेत. ‘एम्प’ नावाच्या टेबलात हे चौदा जण वर्षानुवर्षं नोकरी करतात. किंगसाहेबांचा पगार सीनिअर्सच्या जर्नलमध्ये ५००० होता, आमच्याही जर्नलमध्ये ५०००च आहे आणि ज्युनिअर्स आमच्यावरून उतरवतील तेव्हाही ५०००च राहील.

पण त्या टेबलात एखादा काळे, कांबळे किंवा गायकवाड कधी कुणी देवनागरीत घातलाय का? नाही ना? माझा आजचा विषय तोच आहे.

आधी, कॉम्प्युटर ब्रँच नसलेल्यांसाठी आणि स्टाफसाठी दोन शब्द. रिलेशनल डेटाबेस म्हणजे काही जादू नाही. रेक्टर सरांकडे एक रजिस्टर असतं, त्यात रूम नंबर आणि मुलींची नावं. मेसमध्ये दुसरं रजिस्टर, त्यात रूम नंबर आणि बाकी. रूम नंबरवरून दोन्ही रजिस्टरं जोडली की कुणाकडे किती थकलंय ते कळतं. ही टेबलांची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्यावर पुढे मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि लायसन्सचे दर आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेले.

ओपन सोर्सवाल्यांनी हे चित्र बदललं. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कले विद्यापीठात सुरू केलेल्या प्रोजेक्टमधून आजचं पोस्टग्रेसक्यूएल आलं. स्वीडनमध्ये मायएसक्यूएल तयार झालं. ते २००८ मध्ये सन कंपनीने घेतलं, २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेलं, आणि मूळ लेखकांपैकी माँटी विडेनियस यांनी त्याच कोडवरून मारियाडीबी हे वेगळं बिऱ्हाड थाटलं. तिसरं एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेला हा छोटासा डेटाबेस तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्तासुद्धा चालू आहे. या सगळ्यांचा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा.

इथपर्यंतचं सगळं तुम्ही व्हायवाला सांगितलेलं असेलच. मला म्हणायचंय ते यापुढचं.

मी हिमायतनगरची, आणि शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये. ए टू झेड झोपेतही म्हणून दाखवीन, पण ‘ळ’ वर्णमालेत नेमका कुठे येतो ते मला आजीने सांगितलं. ‘य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ’. म्हणजे ळ जवळजवळ शेवटी, ह च्या नंतर. आता गंमत बघा. डेटाबेसमध्ये कावळे, काशीद, कासार आणि काळे ही चार आडनावं टाका आणि ओळीने लावायला सांगा. आपल्या शब्दकोशाप्रमाणे काळे शेवटी यायला हवेत. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे. त्यामुळे काळे उठून थेट पहिल्या नंबरावर! पेन्शनची किंवा मतदारांची यादी हातात घेऊन बोटाने नाव शोधणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही गंमत वाटणार नाही. त्याच्या लेखी त्याचं नाव यादीत नसतंच.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. पोस्टग्रेसक्यूएलच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयू नावाच्या लायब्ररीतले भाषांचे क्रम वापरता येतात. त्यात मराठीचा क्रम आहे आणि तो ळ ला त्याच्या जागी बसवतो. क्वेरीच्या शेवटी एक शब्द वाढवायचा, बस्स. मायएसक्यूएलचं काय? २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या ८.० आवृत्तीत कितीतरी भाषांचे स्वतंत्र क्रम आहेत. एस्पेरांतोचासुद्धा आहे! ही भाषा १८८७ साली एका डॉक्टरने घरी बसून बनवली. मराठी मात्र त्या यादीत नाही. २०११ च्या जनगणनेत आपण मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख होतो, तरी नाही.

एस्पेरांतोवाल्यांचा मला राग नाही, उलट कौतुकच आहे. त्यांची भाषा त्या यादीत आहे, कारण तिची काळजी करणारं कुणीतरी होतं.

क्रमाचं राहू द्या, शोधण्याचं बघू. इंग्रजीत ‘कनेक्ट’ शोधलं की ‘कनेक्टेड’ आणि ‘कनेक्शन’सुद्धा सापडतं. कारण शब्दाची शेपटी कापून मूळ काढणारा एक छोटा प्रोग्रॅम, स्टेमर, आत बसलेला असतो. आपल्याकडे शेपट्या किती ते सांगायला नको. शेतकरी, शेतकऱ्याला, शेतकऱ्यांनी, शेतकऱ्यांकडून... शाळेत व्याकरणात ‘सामान्यरूप’ म्हणून जे घोकलं ते हेच. तुम्ही ‘शेतकरी’ शोधलंत तर यातलं पुढचं एकही रूप सापडत नाही. त्यात हा ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवला जातो. कधी एकच अक्षर म्हणून, तर कधी र आणि नुक्ता असे दोन तुकडे म्हणून. दिसायला सारखे, मशीनला वेगळे! पोस्टग्रेसक्यूएलमध्ये हे दोन्ही एकसारखे करून घेण्याची सोय २०२० मध्ये १३ व्या आवृत्तीत आली. पण ती वापरायला आधी हा घोळ आहे हे माहीत तर पाहिजे.

आणि स्टेमर? पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१९ साली तमिळ आणि नेपाळीचा आला, २०२१ साली हिंदीचा आला. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत एस्टोनियन आली. मराठी अजून नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण स्टेटस ठेवले, पेढे खाल्ले. चांगलंच केलं. पण ते स्टेटस ज्या डेटाबेसमध्ये साठवले गेले, त्याला मराठीचं व्याकरण येत नाही त्याचं काय?

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडतं? सांगते. २०२३ मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधून जुनी दफ्तरं बाहेर निघाली. काही मोडीत, काही उर्दूत. एकेक पान माणसांनी डोळ्यांनी वाचलं. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, एका नोंदीवर एका घराचं शिक्षण अवलंबून असू शकतं हे सगळ्यांनी पाहिलं. उद्या ही दफ्तरं देवनागरीत टाइप होऊन डेटाबेसमध्ये गेली आणि शोधताना ऱ च्या दोन तुकड्यांमुळे नावच सापडलं नाही तर? कागदावर असलेली नोंद मशीनमध्ये हरवायची.

गावांच्या नावांचंही तसंच. आमच्या गावाचं जुनं नाव वाढोणा. कागदावर कुठे वाढोणा, कुठे हिमायतनगर. पत्ता टाइप करायला जावं तर हैदराबादचं हिमायतनगर आधी वर येतं! प्रायमरी की का लागते ते पुस्तकापेक्षा आमच्या गावावरून लवकर कळतं. माझ्या एका मैत्रिणीच्या फॉर्मवर तर मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापून आली होती. मायएसक्यूएलमध्ये ५.७ आवृत्तीपर्यंत कुणी मुद्दाम बदललं नाही तर ‘लॅटिन-१’ हीच लिपी गृहीत धरलेली असायची, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. अशा टेबलात मराठी नाव टाकलं की हातात प्रश्नचिन्हं उरतात. सेटिंगची एक ओळ कुणीतरी लिहायची राहिली की एका मुलीचं नाव पुसलं जातं.

आता नेहमीचे आक्षेप. हा लेख लिहिताना रूममेटने विचारलंच, “काय करायलीस गं? याने पॅकेज वाढणार आहे का?” वाढेल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण एवढं सांगते. दरवर्षी फायनल इयरला ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ नावाचे किती प्रोजेक्ट होतात ते मोजा. कोहा हे लायब्ररीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये २००० सालापासून चालू आहे, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर चालतं, आणि आपल्या सगळ्यांच्या प्रोजेक्टपेक्षा बरं चालतं. मग पुन्हा तेच कशाला? त्यापेक्षा ज्याचा कोड जगभर वाचला जातो अशा कामात आपल्या नावाची एक ओळ असणं इंटरव्ह्यूत जास्त बोलकं नाही का?

दुसरा आक्षेप, आता एआय आहे, स्टेमर कशाला? अहो, एआय झाला तरी शोधणार आपल्याच टेबलात. तिथे नावाच्या जागी प्रश्नचिन्हं असतील तर तो काय वाचणार, कपाळ?

आणि ‘हे मोठ्या लोकांचं काम’ असंही कुणी म्हणू नये. २००८ च्या पोस्टग्रेसक्यूएल ८.३ मध्ये ‘हॉट’ नावाची सुधारणा आली. पूर्वी ओळीत छोटा बदल केला तरी सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागे. इंडेक्स असलेला कॉलम बदललेला नसेल, तर बहुतेक वेळा ते काम यामुळे वाचलं. रिलीज नोट्समध्ये त्यापुढे नाव आहे पवन देवलसी यांचं. ते तेव्हा एंटरप्राइझडीबी या कंपनीत होते, आणि या कंपनीचं ऑफिस आपल्या पुण्यात आहे. म्हणजे आपल्याकडच्या माणसांना हे जमतं. कुणी मराठीसाठी हात घातला नाही, एवढंच.

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या. एक, डीबीएमएस लॅबमध्ये निदान एक प्रॅक्टिकल देवनागरीत असावं. स्मिथसोबत काळेही नोकरीला लागू देत. दोन, दरवर्षी फायनल इयरच्या एका तरी ग्रुपने मराठी स्टेमर आणि त्याच्या चाचणीसाठी शब्दांची यादी हा प्रोजेक्ट घ्यावा. व्याकरण अडलं तर विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भाषेचे प्राध्यापक आहेत, जाऊन विचारता येईल. तीन, होस्टेलचं आणि मेसचं रजिस्टर आपणच पोस्टग्रेसक्यूएलवर करावं, नावं मराठीत ठेवून. घोळ होतील ते आपल्यातच होतील आणि आपणच सोडवू.

यासाठी डोनेशन लागत नाही, लायसन्स लागत नाही, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. लागतो तो एक जुना पीसी, थोडं नेट आणि आपली भाषा. पैकी भाषा तर आपल्याकडे घरचीच आहे. बाहेरचा कुणी येऊन आपला ळ जागेवर बसवेल म्हणून थांबलो, तर पोरं जर्नलमध्ये किंगसाहेबांचा पगारच उतरवत राहतील.

बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, कॉम्प्युटर, लेडीज होस्टेल