सकवारबाई नंबर दोन

शिवाजीमहाराजांच्या एका राणीचं नाव सकवारबाई. शाहूमहाराज हे त्यांचे नातू. त्यांच्याही एका राणीचं नाव सकवारबाई. शिवाजीमहाराजांची आणखी एक राणी सगुणाबाई. आणि शाहूमहाराजांची आणखी एक राणी? बरोबर ओळखलंत. सगुणाबाई!

हे वाचून तुम्हांला काय वाटलं? बहुतेक काहीच वाटलं नसेल. आमच्या घरी मी ही गोष्ट जेवताना सांगितली, तेव्हा चिरंजीवांनी "बरं, मग?" एवढं म्हणून भाजी वाढून घेतली. मी मात्र पंधरा दिवस चडफडतो आहे. माझ्या रागाला कारण आहे, आणि त्या कारणाचं मूळ माझ्या नोकरीत आहे.

माझी नोकरी गेली स्टोअरमध्ये, तीही शेंद्र्याला. पूर्वी शेंद्रा म्हटलं की लोकांना मांगीरबाबाची जत्रा आठवायची. आता आमची पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. (हा शब्द ऐकून आमचे एक पाहुणे टॉवेल-साबण न घेताच राहायला आले होते. तारे कारखान्यांना आहेत, आमच्या न्हाणीघराला नाहीत, हे त्यांना समजावून सांगावं लागलं.) तर स्टोअरचा पहिला आणि शेवटचा नियम असा, की दोन वस्तूंना एक नंबर द्यायचा नाही. दहा मिलिमीटरचा बोल्ट वेगळा, बाराचा वेगळा. चार आण्यांचा वॉशर का असेना, त्याला स्वतःचा नंबर, स्वतःचा खण, स्वतःचं कार्ड. माझ्या माहितीतल्या एका कारखान्यात दोन वॉशरांना चुकून एकच नंबर पडला, तर अर्धा दिवस काम बंद राहिलं आणि तीन साहेबांनी चौकशी केली. वॉशरची एवढी काळजी घेणारी आपण माणसं, आणि महाराणीच्या बाबतीत म्हणतो, "सकवारबाई ना? असेल कुठलीतरी."

कुठलीतरी म्हणजे कुठली? शिवाजीमहाराजांच्या सकवारबाई गायकवाडांच्या. १६८९ साली रायगड पडला तेव्हा येसूबाई आणि लहानग्या शाहूंबरोबर त्याही मोगलांच्या कैदेत गेल्या. दुसऱ्या सकवारबाई १७४९ साली शाहूमहाराज वारल्यावर सती गेल्या, आणि त्या सती जाण्यामागं वारशाच्या राजकारणाचा दाब होता असं इतिहासकार लिहितात. एक बाई म्हातारपणी शत्रूच्या छावणीत राहिली, दुसरी साताऱ्याच्या कारस्थानात चितेवर चढली. दोन आयुष्यं, दोन दुःखं. आपल्या डोक्यात मात्र कार्ड एकच. नातवाच्या मनात कैदेतल्या आजीची आठवण असेल म्हणून ते नाव पुन्हा आलं, असं कुणी म्हणेल. असेलही. आठवण ठेवायला माझी ना नाही. पण नवी बाई आठवणीच्या खुंटीवर अडकवायला आली होती काय?

आता तुम्ही म्हणाल, पुरुषांचीसुद्धा नावं पुन्हापुन्हा येतात. येतात ना! दोन शिवाजी आहेत, दोन संभाजी आहेत, दोन बाजीराव आहेत, दोन माधवराव आहेत. पण त्यांचा घोटाळा होतो का कधी? एक थोरले, एक धाकटे. एक पहिला, एक दुसरा. माधवरावांच्या नातेवाइकाला माधवराव नाव मिळालं तर त्याला 'सवाई' म्हणायचं. शिवाय प्रत्येकाच्या मागं बापाचं नाव लावलेलं. 'सवाई सकवारबाई' ऐकलीत कधी? 'थोरल्या सगुणाबाई' असा धडा होता का शाळेत? फार काय, शाहूमहाराजांचं जन्मनाव शिवाजी होतं आणि शाहू हे नाव औरंगजेबानं पाडलं, असं सांगतात. एका पुरुषाचं नाव दुसऱ्यानं बदललं, तर तीनशे वर्षं आपण ते आवर्जून सांगतो. आणि ज्या घरात आलेल्या सुनांची नावं बदलली गेली, त्या घरातल्या सुनांची मूळची नावं विचारा. इतिहासाचे प्राध्यापक चष्मा पुसायला लागतात.

हा रोग आपल्याकडेच आहे असं मात्र समजू नका. साहेबाच्या देशातही आहे. त्यांच्या राजा आर्थरच्या गोष्टी मॅलरी नावाच्या सरदारानं लिहिल्या आणि कॅक्स्टननं १४८५ साली छापल्या. त्यातला सगळ्यांत शूर वीर लान्सलॉट. त्याच्या आईचं नाव इलेन. जिनं कपट करून त्याच्याकडून मुलगा मिळवला, ती राजा पेलिसची मुलगी, तिचं नाव इलेन. आणि जी बिचारी त्याच्यावर एकतर्फी प्रेम करून झुरून मेली, जिचं प्रेत हातात चिठ्ठी देऊन नावेतून थेम्स नदीत सोडलं, ती अॅस्टोलाटची मुलगी, तिचंही नाव इलेन! आई इलेन, फसवणारी इलेन, मरणारी इलेन. त्या माणसानं नुसतं "इलेन!" अशी हाक मारली असती तर तीन दारं उघडली असती.

ट्रिस्टनची गोष्ट तर ह्याहून पुढची. त्याचं प्रेम आयर्लंडच्या इसोल्डवर. ती मिळत नाही म्हणून हा शहाणा गोऱ्या हातांच्या दुसऱ्याच एका मुलीशी लग्न करतो. का? तर तिचंही नाव इसोल्ड! पुढं तो जखमी होऊन पडतो. पहिली इसोल्ड औषध घेऊन येत असेल तर जहाजाला पांढरं शीड लावायचं, नसेल तर काळं, असं ठरतं. शीड पांढरं येतं आणि बायको सांगते, "काळं आहे." तो प्राण सोडतो. वाचणारे सगळे त्या बायकोला शिव्या देतात. मी देत नाही. नाव सारखं म्हणून माळ घातली आणि जन्मभर दुसरीचाच जप केला, त्या घरात शिडाचा रंग खरा सांगायची जबाबदारी तिची एकटीची होती काय? आपल्याकडे बिजवराच्या घरी दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घालायची चाल होती. गोऱ्या हातांच्या इसोल्डच्या गळ्यात टाक नव्हता. तिचं आख्खं नावच टाक होतं.

ह्याच ट्रिस्टनच्या गोष्टीत लग्नाच्या रात्री राणीऐवजी तिच्या दासीला शेजघरात पाठवतात. तिचं नाव ब्रॅंगेन. आपल्याकडे विरूबाई आहे. शाहूंचं कैदेत लग्न झालं, तेव्हा औरंगजेबानं म्हणे नवरी पाहायची इच्छा दाखवली. खरी नवरी कशी न्यायची दरबारात? म्हणून विरूबाई नावाच्या दासीला नवरीचा साज चढवून पाठवलं. ही गोष्ट बखरीतून आली आहे, तेव्हा तिला बखरीचं मीठमसाला असणारच. पण पुढं शाहूमहाराजांनी ह्या विरूबाईंना राणीसारख्या मानानं वागवलं, त्यांचा वाडा त्यांनीच सांभाळला आणि १७४० साली त्या वारल्या, हे खरं. गंमत बघा. ज्या खऱ्या नवऱ्या होत्या, त्यांच्यात आपण घोटाळा करतो. आणि जी खोटी नवरी म्हणून गेली, तिचं नाव मात्र स्वच्छ राहिलं. कारण ते नाव तिच्याआधी त्या घरात कुणी वापरलेलं नव्हतं!

पेशव्यांकडे या. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई, बर्व्यांच्या. मोठी कर्ती बाई. १७५३ साली वारल्या. सात वर्षांनी, डिसेंबर १७६० मध्ये, त्यांचे नातू नानासाहेब पैठणला दुसरं लग्न करतात. मुलगी वाखरे सावकारांची, अगदी लहान. आमच्या शेंद्र्याहून पैठण काही लांब नाही. तिकडं उत्तरेत भाऊसाहेबांचं सैन्य पानिपतावर उपाशी, इकडं पैठणला पंगती. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले. त्या पोरीच्या संसाराला सहा महिनेही झाले नाहीत. इतिहासात तिचं नाव काय? राधाबाई. म्हणजे आजेसासूचं. तिचं दुःख सांगायला जावं तर ऐकणारा विचारतो, "बाजीरावाची आई ना?"

आनंदीबाईंचं काय सांगू! ओकांच्या आनंदीबाई राघोबादादांना दिल्या आणि 'ध चा मा' त्यांच्या नावावर कायमचा चिकटला. तो त्यांनी केला की नाही ह्यावर विद्वान अजून भांडतात, पण लोकांच्या लेखी निकाल १७७३ सालीच लागला. पुढं कल्याणच्या जोश्यांची यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन निघाली. आणखी सात वर्षांनी महर्षी कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यांचंही नाव आनंदीबाई ठेवलं. आमच्या शेजारच्या मुलानं परीक्षेत लिहिलं, 'आनंदीबाईंनी ध चा मा केला व त्या डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या.' मास्तरांनी शून्य दिलं. मी निम्मे मार्क दिले असते. पोराचा दोष निम्माच आहे.

कुरलेकरांची यमुना रानड्यांच्या घरात जाऊन रमाबाई झाली. म्हणजे दोन यमुना. एकीची आनंदी, एकीची रमा. आणि खरी कमाल पुढं आहे. झाशीची राणी माहेरची मनकर्णिका, सासरी लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या टिळक माहेरच्या मनकर्णिका, सासरी लक्ष्मीबाई! एकीनं तलवार चालवली, एकीनं लेखणी. दोघींच्या सासरच्यांना सुचलं काय, तर लक्ष्मी. घरात येणारी ती लक्ष्मी, हे मला मान्य आहे. पण म्हणून तिला स्टॉकमधला माल समजून एकाच खणात टाकायचं?

आमच्या गावाकडं बघा. खडकी होतं, त्याचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद झालं, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. शेवटच्या बदलासाठी किती वर्षं गेली! सभा झाल्या, मोर्चे झाले, मंत्रिमंडळाचे ठराव झाले, दिल्लीची मंजुरी आली, राजपत्र निघालं, हायकोर्टात खटले झाले, तेव्हा कुठं पाट्या बदलल्या. आणि जालना रोडवरच्या मंगल कार्यालयात बाईचं नाव बदलायला किती वेळ लागतो? ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं दोन अक्षरं गिरवायची, करवल्यांनी पेढे वाटायचे. फोटोग्राफर "परत एकदा गिरवा" म्हणाला तर साडेतीन मिनिटं. ह्याच शहराच्या नावावरून औरंगजेबाच्या एका बायकोला सगळे 'औरंगाबादी महल' म्हणत. १६८८ साली विजापूरला ती प्लेगनं गेली. शहराची पाटी बदलली. तिची पाटी कोण बदलणार, आणि काय लिहिणार?

आमच्या वहिनी म्हणतात, "अहो भावजी, प्रेमानं ठेवतात हो नाव. त्यात एवढं रागवण्यासारखं काय?" प्रेम असेल, वहिनी. पण हे प्रेम फक्त एकाच बाजूला उतू कसं जातं? जावयाच्या ताटात तांदूळ पसरून सासूबाईंनी 'आजपासून तुम्ही पांडुरंग' असं कधी लिहिलंय?

आमच्या आत्याचं ऐका. वय शहाऐंशी. चौथीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. बँकेतला मुलगा (बँकेचं नाव सांगत नाही) म्हणाला, "आजी, ही तुम्हीच कशावरून? प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्र आणा." आत्या म्हणाली, "अरे बाळा, ती मी नाही असं म्हणतोस ना? मग ती गेली कुठं ते सांग. मी साठ वर्षं तिलाच शोधतेय." मुलगा उठून मॅनेजरला बोलवायला गेला. मॅनेजरही लवकर बाहेर आला नाही.

लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. उलट १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं, असं आपल्या सरकारनंच ठरवलं आहे. चांगलं केलं. पण आईचं कुठलं नाव? तिच्या आईबापांनी बारशाला ठेवलेलं, की तांदळातलं? ताटातलं लावाल तर पुढच्या पिढीचा घोळ आत्ताच छापून ठेवलात म्हणायचा. माझी मागणी साधी आहे. पुस्तकात, पाटीवर, किल्ल्यावरच्या वाटाड्याच्या तोंडी बर्व्यांच्या राधाबाई, वाखऱ्यांच्या राधाबाई, ओकांच्या आनंदीबाई असं म्हणा. मूळचं नाव माहीत असेल तर तेही सांगा. आणि ज्या अजून जिवंत आहेत, त्यांना विचारा. शंभरात पन्नास जणींचा तरी पत्ता लागेल.

आमच्या भाचीचं वैशाखात लग्न आहे. परवा तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला, 'मामांना वाचनाची आवड आहे, तेव्हा मुलीचं सासरचं नाव त्यांनीच सुचवावं.' मी एका कोऱ्या कागदावर तिचं आहे तेच नाव सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं. संध्याकाळी फोन आला.

"अहो मामा, हे तर जुनंच आहे!"

"हो," मी म्हटलं, "पण चालू स्थितीत आहे."