नळ मोजले, पाणी कोण तपासणार?

खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवर भर उन्हाळ्यात हातपंपाभोवती हंडे-कळशांची रांग लागलेली असते. पाणी कसे आहे, असे विचारले तर उत्तर ठरलेले : 'गोड आहे.' युरेनियमचा मात्र जिभेला पत्ता लागत नाही. त्याला ना रंग, ना वास. पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि युरेनियम भांड्यातच उरते!

युरेनियम म्हटले की आपणांस हिरोशिमा आठवते. हे भय चुकीच्या जागी आहे. पिण्याच्या पाण्यात त्याचा मुख्य धोका किरणोत्साराचा नसून विषारी जड धातूचा आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा पोहोचते, आणि प्रारंभी माणसाला काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली. पुढच्याच वर्षी आपले पेयजलाचे मानक सुधारून निघाले, पण त्यात युरेनियमला स्वतंत्र मर्यादाच नव्हती! पंजाबच्या माळव्यातील विहिरींची एव्हाना चर्चा सुरू होती. दुरुस्ती झाली ती बऱ्याच वर्षांनी.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कर्जत-खालापूरची भूमी काळ्या बेसाल्ट पाषाणाची आहे, आणि त्यात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम अल्प असते. म्हणून नांदेड वा पूर्व विदर्भातील ग्रॅनाइटी पट्ट्यांची चिंता आधी करावी. खालापुरात घबराट पसरविणारे समाजाचे हित करीत नाहीत. परंतु पाषाणावरून बांधलेले अनुमान म्हणजे तपासणी नव्हे. गावोगावी दिलेल्या तपासणी संचांतून आम्लता, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट कळते. युरेनियम कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

आणि ज्या पाण्याचे दोष ठाऊक आहेत, त्याचे तरी काय केले? घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीत वीज निर्माण करून पाताळगंगेत उतरते, म्हणून ही नदी बारमाही. तिच्याच काठी कारखाने उभे राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील, आणि पाताळगंगा त्यांतलीच. नदीला गंगा म्हणायचे आणि तिच्यात रसायने सोडायची, हा कुठला धर्म?

शासन नळजोडण्यांचे आकडे अभिमानाने सांगते. सांगावेत, हंडा उतरला, हे लहान काम नव्हे. पण त्या नळातून काय येते, हेही सांगावे. भूजलातील युरेनियमचे देशव्यापी मापन ज्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हाती घेतले, ते ट्रॉम्बेला आहे, खालापूरहून काही तासांच्या वाटेवर. प्रत्येक वाडीतील कूपनलिकेचा नमुना तेथवर वा अन्य सक्षम प्रयोगशाळेत जावा, आणि आलेला आकडा, चांगला असो वा वाईट, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लिहिला जावा.