बिनशेतीपूर्वी मातीचा विचार

जमीन बिनशेती करणे म्हणजे महसुली कचेऱ्यांतील कागदांचा प्रवास होय, असा समज खेडोपाडी रूढ आहे. तो अपुरा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये 2014 पासून झालेल्या सुधारणांमुळे विकास आराखड्याच्या क्षेत्रातील भोगवटादार वर्ग 1 च्या जमिनींसाठी ही वाट पुष्कळ सुकर झाली. हे योग्यच झाले. परंतु कचेरीचा अडसर जसजसा दूर होतो, तसतशी कोणती जमीन शेतीतून काढावी याची जबाबदारी खातेदारावरच येऊन पडते.

घर मुरमाड माळावर भक्कम उभे राहते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते व पायास धोका देते. तरीही रस्त्यालगतची म्हणून विहिरीखालील काळी पट्टीच प्रथम बळी पडते. तिच्यावर एकदा मुरूम व खडी दाबली, की ती पुन्हा पिकाखाली आणणे दुरापास्त होते.

गोठा, अवजारांची व चाऱ्याची खोप, शेतावरील कुटुंबाचे घर या संहितेच्या दृष्टीने शेतीच्याच इमारती होत. ग्रामीण भागात त्यांसाठी सामान्यतः जमीन बिनशेती करावी लागत नाही. हे ठाऊक नसल्याने काहींचा पैसा दलालाच्या घशात जातो. उलट, वर्ग 2 च्या जमिनीवर पूर्वपरवानगीवाचून बांधल्यास दंड भरण्याची व बांधकाम पाडण्याचीही पाळी येते.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज लिहून देण्यापूर्वी सातबारा वाचावा आणि खातेदारासह शेत फिरून पाहावे. माळ उपलब्ध असता मळा गमावू नये, यातच हित आहे.