भंगाराची पारख कोण करणार?

आम्ही कापडवाले सूत चिमटीत धरून मालाची पारख करतो. भंगारवाल्याजवळ काटा आणि लोहचुंबक असते. पण लोखंडात किरणोत्सर्गी पदार्थ मिसळला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही येत नाही. भंगार आणि धातुकामावर आपल्या समाजातील अनेक घरे चालतात, म्हणून हा प्रश्न आपल्या पोटापाण्याचा आहे.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० निघाले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या यंत्रातून ते आले होते. त्यात एक कामगार दगावला. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत हेच कोबाल्ट सापडले. त्यांचे पोलाद भारतातून गेले होते. मायापुरीत जीव गेला, फ्रान्सच्या प्रकरणात मालाची पत गेली.

किरण आदळताच प्रकाश देणारे स्फटिक हा धोका ओळखतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात असे स्फटिक तयार होतात. मोठा स्फटिक भट्टीत सावकाश वाढवावा लागतो, म्हणून तो महाग पडतो. आता मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे नॅनोस्फटिक द्रावणात बनवून प्लास्टिकमध्ये मिसळता येतात. सिझियम, शिसे आणि ब्रोमीनच्या अशा स्फटिकांनी क्ष-किरण टिपता येतात, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. याच्या जवळचे काम आपल्या वऱ्हाडातही झाले आहे. अमरावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांसोबत किरणांची मात्रा मोजणाऱ्या चूर्णांवर संशोधन केले आहे.

अडचणीही आहेत. कोबाल्टचे गॅमा किरण पातळ थरातून आरपार निघून जातात, आणि शिसे विषारी आहे. तरी आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बंदरावर आणि मोठ्या कारखान्याच्या फाटकावर तपासणी यंत्र असून भागत नाही. हातोडा प्रथम मारतो तो भातकुलीसारख्या गावातला लहान भंगारवाला. त्याला परवडेल असे यंत्र निघाले, तरच हे संशोधन सार्थकी लागले असे आम्ही मानू.

तोवर व्यापारी बांधवांनी हातावर हात ठेवून बसू नये. प्रत्येक बाजारात वर्गणी काढून आज मिळणारे एक मोजणी यंत्र घ्यावे. तीन पात्यांचे पिवळे चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने फार जड अशी बंद पेटी फोडू नये. दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. चार पैशांच्या शिशासाठी जीव धोक्यात घालणे हा तोट्याचाच सौदा आहे.