केबल काढली, बचत कोणाची?

अलीकडे वस्तीतल्या बैठकांमध्ये घरखर्चाचा विषय निघाला की किराणा, गॅस, शाळेची फी यांच्या जोडीला आणखी एक ओळ हमखास येते. केबल, फोन आणि नेट. पंधरा वर्षांपूर्वी ही ओळ एवढी मोठी नव्हती. आता ती कुठे कुठे विजेच्या बिलाच्याही पुढे जाते. त्यावर उपायही तयार असतो. तो बहुधा घरातला कॉलेजात जाणारा मुलगा सुचवतो, "केबल काढून टाकू, सगळं आता मोबाइलवर दिसतं. उगाच दोन-दोन ठिकाणी पैसे कशाला?"

ऐकायला बरोबर वाटतं. पैसे वाचवायला आपला कोणाचाच विरोध नाही, उलट महिनाअखेरीची ओढाताण आपल्यालाच करावी लागते. पण घरात 'काटकसर' हा शब्द उच्चारला गेला की ती कोणाच्या ताटातून होते हे बघायची सवय आपल्याला चळवळीने लावली आहे. दूध कमी झालं की आधी कोणाचा पेला रिकामा राहतो हे आपण जाणतो. तीच नजर या बिलांकडेही वळवायला हवी असं मला वाटतं.

म्हणून आधी हिशेब मांडू. चार मोबाइल असलेलं एक घर धरा. नवरा, कॉलेजातला मुलगा, बाई आणि तिची सासू. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा एका कंपनीचा २३९ रुपयांचा पॅक २९९ चा झाला. तोच धरू. हा पॅक अठ्ठावीस दिवसांचा असतो. आपण 'महिन्याचा रिचार्ज' म्हणतो, पण वर्षात तो बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. (पगार मात्र बाराच होतात!) म्हणजे एका फोनचे ३,८८७ आणि चार फोनचे १५,५४८ रुपये. केबलचे महिन्याला ३०० धरले तर वर्षाचे ३,६००. एकूण १९,१४८.

आता केबल काढली. घरात ब्रॉडबँड घेतलं. २०२० साली आलेल्या स्वस्तातल्या ३९९ च्या योजनेत अठरा टक्के जीएसटी मिळवला तर महिन्याला ४७१ आणि वर्षाला ५,६५२ रुपये होतात. बाहेर जाणाऱ्या दोघांचे नेटचे पॅक तसेच ठेवले, ते ७,७७४. घरी असणाऱ्या दोघींना नुसते बोलण्याचे पॅक दिले. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले तेव्हा वर्षाचा दर १,८५० च्या आसपास होता, म्हणून दोघींचे ३,७००. शिवाय एक अॅप. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा फक्त मोबाइलवर बघायची योजना १४९ ची केली, म्हणजे वर्षाचे १,७८८. बेरीज येते १८,९१४.

वर्षभरात वाचले २३४ रुपये. आणि तेच अॅप टीव्हीच्या पडद्यावर बघायचं ठरवलं तर १९९ ची योजना लागते, की उलट वर्षाला ३६६ रुपये जास्त जातात. बरं, त्या अॅपवर आपल्या मराठी वाहिन्यांच्या रोजच्या मालिका नाहीतच. एका वाहिनीच्या मालिका एका अॅपवर, दुसरीच्या दुसऱ्या, तिसरीच्या तिसऱ्या. केबलवाल्याचा 'बुके' नको म्हणून बाहेर पडायचं आणि तोच बुके स्वतः बांधत बसायचा.

मग खरोखर हजारोंनी बिल कमी झालं असं सांगणारी घरं असतात ती कशी? तिथे ब्रॉडबँड घेतलेलंच नसतं. केबल काढली, दोघा पुरुषांचं नेट ठेवलं, दोघी बायकांना बोलण्याचे पॅक दिले आणि मुलाच्या मोबाइलवर एक अॅप घेतलं. खर्च १३,२६२. बचत ५,८८६ रुपये. यातले ४,०७४ रुपये बायकांचं नेट काढून आले, उरलेले टीव्ही बंद करून. त्या घरात पुरुषांचं काय कमी झालं? काहीही नाही, त्यांना एक अॅप वाढून मिळालं. "तुला कशाला हवंय नेट? तू घरीच तर असतेस" हे वाक्य या बचतीचा पाया आहे.

माझ्या आकड्यांमध्ये घरोघर फरक पडेल, दरही बदलत राहतील. आपापल्या पावत्या घेऊन बसा आणि हाच हिशेब माणसागणिक मांडा. 'घराचं बिल' असा एकच आकडा लिहिला की त्यात बाई दिसेनाशी होते.

इथे टीव्हीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्यापैकी कित्येकींना वाटेल की मालिका बंद झाल्या तर बरंच झालं. सासू-सुनांची कारस्थानं, दागिन्यांनी मढलेल्या नायिका, सगळं सोसणारी आदर्श सून यांवर आपण गेली तीस वर्षं टीका करतो आहोत आणि ती योग्यच आहे. पण मालिका वाईट आहे म्हणून बाईने बसून काही बघायचंच नाही, हा निष्कर्ष आपला नव्हता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे स्त्रिया घरातल्या बिनपगारी कामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. या २८९ मिनिटांतली काही मिनिटं भाजी निवडत, लसूण सोलत टीव्हीसमोर जातात. टीव्हीचं एक होतं. तो भिंतीवर किंवा कपाटावर असायचा, हात कामात असले तरी डोळा आणि कान तिकडे लावता यायचे, शेजारीणही येऊन बसायची. रिमोटसाठी भांडावं लागे हे खरं, पण भांडता तरी येत असे. मोबाइलचा पडदा हाताएवढा, तो धरायला हात मोकळा लागतो आणि तो ज्याचा त्याच्या खिशात घराबाहेर जातो. घरातली सामाईक वस्तू अशी हळूच खाजगी होते, आणि खाजगी वस्तू आधी कोणाच्या नावावर होतात हे जमिनीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको.

फोनच्या बाबतीत हे आजचं नाही. पूर्वी घरात काळा फोन होता तेव्हा काही घरांत त्याच्या डायलला छोटं कुलूप घातलेलं असे आणि किल्ली मालकाच्या खिशात. आता कुलूप दिसत नाही. रिचार्ज संपतो, एवढंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले असतील, पण फोन हातात असणं आणि त्यात रिचार्ज असणं या दोन गोष्टी आहेत.

रिचार्ज नसला तर काय अडतं ते गेल्या वर्षी महाराष्ट्रातल्या बायकांनी चांगलंच पाहिलं. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने लाभार्थींना ई-केवायसी सक्तीचं केलं. म्हणजे संकेतस्थळ उघडायला नेट हवं, आधारला जोडलेला नंबर चालू हवा, त्यावर ओटीपी यायला हवा. शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी हवा. विधवा आणि परित्यक्तांनी तो कुठून आणायचा, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि मुदत वाढवावी लागली. सरकारने योजना बाईच्या नावाने काढली आणि दरवाजाची कडी पुरुषाच्या फोनवर ठेवली, यावर वेगळा लेख व्हायला हवा. इथे मुद्दा एवढाच की, ज्या घरात 'बचत' म्हणून बाईचा नंबर बंद पडू दिला होता तिथे काही शे रुपयांच्या रिचार्जपायी १,५०० रुपयांचा हप्ता टांगणीला लागत होता. रेशनकार्ड, गॅसची नोंदणी, बँकेचा संदेश, बचतगटाच्या कर्जाची सूचना, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं आता त्याच नंबरावर येतं.

आणि मार खाणाऱ्या बाईचं काय? आपल्या केंद्रांवर येणाऱ्या बायकांशी बोलताना फोनबद्दल मुद्दाम विचारा. फोन फोडणं, काढून घेणं हे आपण तक्रारीत लिहून घेतो. रिचार्ज न मारणं मात्र कोणी लिहून घेत नाही, कारण ते 'पैसे नव्हते' या सबबीखाली खपून जातं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. घरातल्या नात्यामुळे ज्या साधनांचा आणि सुविधांचा वापर करायचा बाईला हक्क आहे, त्या अडवणं त्यात येतं. घरात बाकी सगळ्यांचे पॅक चालू आणि हिचाच बंद असेल तर ते या व्याख्येत बसतं असं माझं मत आहे. वकील मैत्रिणींनी यावर जरूर लिहावं.

मग बिल कमी करायचंच नाही का? करायचं, पण क्रम उलटा करून. घरातल्या प्रत्येक बाईचा नंबर नेटसकट चालू राहील एवढे पैसे आधी बाजूला काढायचे आणि कात्री उरलेल्या रकमेवर चालवायची. अशी कात्री चालवायला जागा बरीच आहे. २०१९ पासून वाहिन्या एकेक करून निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. केबलवाला सांगेल तोच पॅक घ्यायची सक्ती नाही. कोणी बघत नसलेल्या खेळांच्या, इंग्रजी सिनेमांच्या वाहिन्यांचे पैसे आपण बुकेत भरत असतो. मोफत वाहिन्यांवर मूळ जोडणी शुल्काखेरीज काही द्यावं लागत नाही. फक्त हे शुल्क, जे पूर्वी २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये अधिक कर यांवर जाऊ शकत नव्हतं, त्याची मर्यादा 'ट्राय'ने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली, तेव्हा पावतीवर ते वेगळं लिहून मागा. पावती न देणारा केबलवाला आपल्या ओळखीचा, गल्लीतलाच असतो. त्याच्याही पोटावर या अॅपवाल्यांनी पाय आणला आहे हे लक्षात ठेवून, पण मागा.

ज्यांना केबल परवडतच नाही त्यांच्यासाठी दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' आहे. छत्री आणि डब्याचा एकदाच खर्च, मग दरमहा काही नाही. सह्याद्री वाहिनी दिसते. खाजगी वाहिन्या लिलावातून येतात-जातात, आणि गाजणाऱ्या मराठी मालिकांच्या बहुतेक वाहिन्या तिथे नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. आमच्या बैठकीत एका मावशींनी सांगितलं, "मालिका गेली तर जाऊ दे, पण दुपारी घरात कोणाचा तरी आवाज पाहिजे." तेवढ्यासाठी ही छत्री पुरेशी आहे.

ब्रॉडबँडबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वर बघितलं तसं त्याने पैसे फार वाचत नाहीत. तरीही चार जणींचं एकत्र घर असेल, मुली शिकत असतील, तर मी ते घ्या म्हणेन, कारण घरातलं वायफाय मोजून दिलं जात नाही. त्यावर मुलगी अभ्यास करते, आई शिवणाचे नमुने बघते, कोणाला किती दिलं याचा हिशेब राहत नाही. अट एकच. जोडणी आणि पासवर्ड एकाच माणसाच्या ताब्यात नको. तीच गोष्ट अॅपची. एका खात्यावर सगळे बघत असतील तर कोणी काय बघितलं याची यादी तिथे दिसते, आणि दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी कोणाच्या खात्यावर दिली आहे हेही तपासा. बाईच्या बचत खात्यातून मुलाच्या क्रिकेटचे पैसे जाताना मी पाहिले आहेत.

नुसत्या बोलण्याच्या पॅकलाही माझा सरसकट विरोध नाही. साधा बटणाचा फोन वापरणाऱ्या आजीला नेटचे पैसे भरायला लावणं हा अन्यायच होता आणि 'ट्राय'ने डिसेंबर २०२४ मध्ये असे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं हे चांगलं झालं. पण तो पॅक आजीने मागितला, की तिच्यासाठी ठरवला गेला, एवढं विचारायचं.

सगळ्यात शेवटी पाहायची ती गोष्ट खरं तर सगळ्यात आधी पाहायला हवी. सिम कोणाच्या नावावर आहे? कित्येक बायकांचा दहा-दहा वर्षं वापरातला नंबर नवऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेला असतो. ती घर सोडते तेव्हा नंबर तिचा राहत नाही. बँक, आधार, मुलांची शाळा, सगळीकडे तोच दिलेला असतो. नावावर करून घ्यायला मूळ मालकाची संमती लागते, आणि भांडण झाल्यावर ती मिळत नाही. घरात सगळं सुरळीत आहे तेव्हाच कंपनीच्या दुकानात दोघांनी जाऊन हे काम उरकावं. आपल्या नावावर एकूण किती नंबर चालू आहेत ते केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर २०२३ पासून बघता येतं. गटाच्या पुढच्या बैठकीत एका मैत्रिणीच्या फोनवर ते उघडून एकेकीचं तपासायला दोन तास पुरतात. येताना प्रत्येकीने आधारला जोडलेला नंबर चालू असलेला फोन आणि केबलची शेवटची पावती बरोबर आणावी.