राष्ट्ररक्षणाचे कंत्राट देता येत नाही

२४ जून २०२३ रोजी रशियातील रोस्तोव्ह-ऑन-डॉन येथे जे घडले, ते प्रत्येक राष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी कायम स्मरणात ठेवावे असे आहे. रशियन लष्कराचे दक्षिण विभागीय मुख्यालय त्या दिवशी रशियाच्याच भाडोत्री सैन्याने ताब्यात घेतले. येवगेनी प्रिगोझिनचा ‘वॅग्नर’ गट मॉस्कोच्या रोखाने निघाला. वाटेत त्याने रशियाचीच लष्करी हेलिकॉप्टरे पाडली. महिनाभरापूर्वी बाखमुत जिंकल्याबद्दल पुतिन यांनी याच गटाचे अभिनंदन केले होते!

या बंडाचे बीज बाखमुतच्या खंदकांतच पेरले गेले होते. आघाडी एक, पण सेना दोन आणि हिशेबही दोन. दारूगोळा मिळत नाही म्हणून प्रिगोझिन आपल्या माणसांच्या प्रेतांपुढे उभा राहून संरक्षणमंत्री शोइगू आणि सेनाप्रमुख गेरासिमोव्ह यांना जाहीर शिव्या देत होता. १ जुलैपर्यंत सर्वांनी संरक्षण मंत्रालयाशी करार करावा, असा आदेश निघाला आणि ठिणगी पडली.

हा हुकूमशाहीचा दोष म्हणावा, तर लोकशाहीचा टेंभा मिरवणाऱ्या अमेरिकेची कथा तरी कुठे निराळी आहे? इराकमध्ये ‘ब्लॅकवॉटर’च्या एका रक्षकामागे सरकारला दररोज १,२२२ डॉलर मोजावे लागत. हा खर्च सैनिकावरील खर्चाच्या कित्येक पट असल्याचे २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनेच दाखवून दिले. त्याच उन्हात, त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या जवानाने यातून कोणता बोध घ्यावा? ३१ मार्च २००४ रोजी फलुजात या कंपनीची चार माणसे मारली गेली आणि शहरावर चाल करण्याचा हुकूम सुटला तो मरीन सैनिकांना! १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात कंपनीच्या गोळीबारात १७ इराकी बळी पडले. जनतेच्या संतापाचे धनी मात्र गणवेशातले सैनिकही झाले. दोषी ठरलेल्या चौघांना २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर तलवार चालवली ती पदरी ठेवलेल्या पगारी गारद्यांनीच. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच शिंद्यांचा फ्रेंच सेनानी पेराँ चाकरी सोडून इंग्रजांच्याच आश्रयाला गेला. पानिपतावर इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत लढला, हे खरे. परंतु ती त्या पुरुषाची निष्ठा होती. राज्याचे रक्षण अशा योगायोगावर सोपवता येत नाही.

छावणीतील स्वयंपाक, वाहतूक, यंत्रांची दुरुस्ती ही कामे बाहेर देण्यास कोणाची हरकत नसावी. प्रश्न आहे तो शस्त्राचा. शस्त्रधारी माणूस कोणाची आज्ञा मानतो आणि चुकला तर कोणत्या न्यायासनापुढे उभा राहतो, याचे उत्तर एकच असले पाहिजे. उत्तरे दोन झाली की खंदकातला सोबती परका होतो.

सैनिकही वेतन घेतो. पण त्याच्या मरणाची किंमत कोणत्याही करारपत्रात लिहिलेली नसते. खर्चाची वजाबाकी करून सैन्याचा पर्याय शोधणाऱ्या अर्थपंडितांनी हे ध्यानी घ्यावे. ज्या राष्ट्राला आपले रक्षणकर्ते बाजारातून आणावे लागतात, त्याला ते बाजारभावानेच गमवावेही लागतात.